तडजोडींच्या वाटेनं यादवीकडे

फेब्रुवारी १८६१ च्या अखेरीस अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं १३३ विरुद्ध ६५ मतांनी एक घटनादुरुस्ती संमत केली. मार्चच्या सुरुवातीला सिनेटनंही ती २४ विरुद्ध १२, म्हणजे अगदी काठावरच्या दोनतृतीयांश मतांनी, मान्य केली. ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथं ती रद्द करण्याचा किंवा तिच्यात ढवळाढवळ करण्याचा अधिकार संघराज्याला पुढच्या काळातही कोणत्याही दुरुस्तीनं मिळणार नाही, असा तिचा आशय होता. ४ मार्चला अध्यक्षपदाची शपथ घेताना लिंकननं या दुरुस्तीचा उल्लेख केला आणि आपली हरकत नसल्याचं सांगितलं. गुलामांच्या मालकांना याहून मोठी हमी देणं कोणत्याही सरकारला शक्य नव्हतं. पण तोवर फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या सात राज्यांपैकी एकही परत आलं नाही. १२ एप्रिलला चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या.

अमेरिकन यादवीची जी गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, तिच्यात हा प्रसंग सहसा नसतो, कारण तो कोणाच्याच सोयीचा नाही. लिंकनला पहिल्या दिवसापासून मुक्तिदाता मानणाऱ्यांची त्यानं पंचाईत होते. ‘दोन्हीकडच्या माथेफिरूंनी देश आगीत लोटला, मधल्या समंजस माणसांचं कोणी ऐकलं नाही’ असं म्हणणाऱ्यांची तर जास्तच होते. मधल्या समंजस माणसांचं चाळीस वर्षं ऐकलं गेलं होतं. १८२०, १८५०, प्रत्येक वेळी तडजोड झाली आणि ती घडवणाऱ्यांना देश वाचवल्याचं श्रेय मिळालं. माझं म्हणणं असं की या तडजोडींनी युद्ध टाळलं नाही. भांडण बंदुकीविना लढता येईल अशा जागा देशात होत्या : संसद, टपाल, ज्यूरी, मतपेटी, न्यायालय. प्रत्येक तडजोडीनं आणि तिला सांभाळण्यासाठी केलेल्या प्रत्येक बंदोबस्तानं त्यातली एकेक जागा निकामी केली. १८६० पर्यंत फारसं काही शिल्लक राहिलं नव्हतं.

सुरुवात राज्यघटनेपासूनच झाली. १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींनी ‘गुलाम’ हा शब्द घटनेत येऊ दिला नाही, पण त्याचा बंदोबस्त मात्र चोख केला. प्रतिनिधींची संख्या ठरवताना ‘इतर व्यक्तीं’ची गणती तीन पंचमांश धरायची. पळालेला ‘कामास बांधलेला’ माणूस मालकाला परत करायचा. बाहेरून माणसं आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही. तीन पंचमांशाचा अर्थ असा की ज्यांना मत नाही, त्यांच्याच डोक्यांच्या हिशेबावर त्यांच्या मालकांना जास्तीच्या जागा मिळाल्या. ही प्रथा हळूहळू आपोआप विझेल, अशी तेव्हा बऱ्याच जणांची समजूत होती. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं आणि समजूत मोडीत निघाली. आपल्याकडे वऱ्हाडात जिनिंगचा कारखाना पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सरकी वेगळी करायचं काम झपाट्यानं व्हायला लागलं, आणि कापूस वेचायला मात्र हातच लागत राहिले. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० मध्ये ३९ लाखांवर गेले. त्या साली अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त किंमत एकट्या कापसाची होती. या माणसांची बाजारातली किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांच्या एकत्रित किमतीहून जास्त भरत होती. ‘गुलामगिरी आपोआप संपली असती, युद्धाची गरजच नव्हती’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा समोर ठेवावा. वाढत्या किमतीची मालमत्ता आपणहून सोडून देणारा मालकवर्ग मला तरी इतिहासात सापडलेला नाही.

१८२० ची मिसुरी तडजोड वरवर साधी होती. मिसुरी गुलामांचं राज्य म्हणून आत आलं, मेन मुक्त राज्य म्हणून, आणि पश्चिमेच्या उरलेल्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर रेघ ओढली गेली : वर मुक्त, खाली गुलाम. म्हाताऱ्या माजी अध्यक्ष जेफरसननं ही बातमी ऐकून, आपण रात्रीच्या वेळी आगीच्या घंटेनं दचकून जागं व्हावं तसे घाबरलो, असं पत्रात लिहिलं. तो स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता, त्यामुळे त्याचं भय कशाबद्दल होतं याची शहानिशा वेगळी करावी लागेल. रेघेनं भांडण थांबलं नाही, फक्त त्याला भूगोल मिळाला. एरवी मतभेद गावागावात, घराघरात विखुरलेले असतात. आता ते नकाशावर दोन रंगांत दिसू लागले.

पुढची जागा गेली संसदेची. १८३० च्या दशकात उत्तरेतल्या निर्मूलनवाद्यांनी, म्हणजे गुलामगिरी संपवू पाहणाऱ्यांनी, काँग्रेसकडे (अमेरिकेच्या संसदेकडे) अर्ज पाठवायला सुरुवात केली. त्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. त्यांना मत नव्हतं, पण सही करता येत होती आणि दारोदार फिरून दुसऱ्यांच्या सह्या गोळा करता येत होत्या. १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहानं ठराव केला : गुलामगिरीसंबंधीचा कोणताही अर्ज न वाचता, चर्चा न करता बाजूला ठेवायचा. हा नियम आठ वर्षं चालला. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे साधे प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसत. या म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षं उभं राहून, नियमांच्या फटी शोधून, अर्ज वाचायचा हट्ट धरला आणि १८४४ मध्ये तो ठराव अखेर रद्द करवला. याआधीच, १८३५ मध्ये, चार्ल्सटनच्या टपाल कचेरीतून निर्मूलनवादी पत्रकांच्या थैल्या काढून जमावानं जाळल्या होत्या, आणि वॉशिंग्टनमधल्या पोस्टमास्तर जनरलनं त्याकडे काणाडोळा केला होता. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या आल्टन गावी एलायजा लव्हजॉय या संपादकाला छापखाना वाचवताना जमावानं गोळ्या घातल्या. त्याचे आधीचे तीन छापखाने मोडून झाले होते, हा चौथा.

उत्तरेतला सामान्य गोरा माणूस काही गुलामांचा कैवारी नव्हता. बऱ्याच उत्तरी राज्यांत काळ्यांना मत नव्हतं. पण आपला अर्ज वाचला जात नाही, आपलं टपाल जाळलं जातं, आपल्या गावातला संपादक मारला जातो, हे त्याला कळत होतं. दुसऱ्याच्या गुलामगिरीचा प्रश्न हळूहळू त्याच्या स्वतःच्या स्वातंत्र्याचा झाला. दक्षिणेचे पुढारी ‘आम्हाला आमच्या वाटेनं जाऊ द्या’ असं म्हणत होते खरे, पण त्यांची मागणी तेवढी कधीच नव्हती. बाकीच्यांनी गप्प बसावं हीही त्यांची मागणी होती.

आणि १८५० मध्ये नुसतं गप्प बसणंही पुरेसं राहिलं नाही. मेक्सिकोशी झालेल्या युद्धातून प्रचंड मुलूख हाती आला, त्यात गुलाम न्यायचे की नाही यावर देश फुटायची वेळ आली, आणि हेन्री क्ले व स्टीफन डग्लस या सिनेटरांनी नवी तडजोड जुळवली. उत्तरेला कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून मिळालं. दक्षिणेला मिळाला फरारी गुलामांचा नवा कायदा. तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूनं साक्ष देता येणार नाही. ज्यूरी नाही. निर्णय एक कमिशनर देणार, आणि त्यानं माणूस मालकाच्या हवाली केला तर त्याला १० डॉलर फी, सोडला तर ५. (कागदपत्रं जास्त करावी लागतात म्हणून हा फरक, असं तेव्हा गंभीर चेहऱ्यानं सांगितलं जात होतं.) फौजदारानं हाक मारली तर रस्त्यावरच्या कोणाही नागरिकानं पाठलागात सामील व्हायचं. लपवलं तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

म्हणजे काय झालं? बोस्टनमधला जो माणूस आजवर ‘तिकडे दूर दक्षिणेत काहीतरी चालतं’ म्हणून मान फिरवू शकत होता, त्याला कायद्यानं पकडून रांगेत उभं केलं. मे १८५४ मध्ये व्हर्जिनियातून पळून आलेला अँथनी बर्न्स बोस्टनमध्ये पकडला गेला. त्याला सोडवायला जमाव न्यायालयावर चालून गेला, त्यात एक पहारेकरी ठार झाला. अखेर २ जूनला सैनिकांच्या दुहेरी रांगांमधून बर्न्सला बंदरावर नेण्यात आलं. घराघरांवर काळं कापड लटकत होतं आणि एका माणसाला बेड्या घालून जहाजावर चढवण्यासाठी तोफ रस्त्यावर आणली होती. पुढच्या वर्षी बोस्टनच्या काळ्या चर्चनं वर्गणी काढून १३०० डॉलरला त्याची सुटका विकत घेतली.

त्या दिवसांबद्दल अॅमॉस लॉरेन्स नावाच्या धनिकानं लिहिलेलं वाक्य प्रसिद्ध आहे : रात्री झोपलो तेव्हा आम्ही जुन्या वळणाचे, तडजोडवादी लोक होतो, सकाळी उठलो ते ठार वेडे निर्मूलनवादी होऊन. हा लॉरेन्स कापडगिरण्यांच्या घराण्यातला. गुलामांनी वेचलेल्या कापसावरच त्याच्या घराचा पैसा उभा होता. तडजोड टिकावी असं खऱ्या अर्थानं ज्याला वाटायला हवं, तोच हा माणूस. कायद्यानं त्यालाच हातचा घालवला. त्याच वर्षी डग्लसनं कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणून १८२० ची रेघ पुसली : तिथल्या वसाहतकऱ्यांनीच मत देऊन ठरवावं, गुलाम हवेत की नकोत. ऐकायला किती लोकशाहीचं! लॉरेन्सनं पैसा ओतून उत्तरेतली कुटुंबं कॅन्ससला पाठवली, आणि लवकरच त्यांच्यामागून रायफलींच्या पेट्याही. तिथल्या एका गावाला त्याचं नाव मिळालं.

कॅन्ससमध्ये मतपेटीचं काय झालं ते आकड्यांतच पाहावं. मार्च १८५५ च्या निवडणुकीआधीच्या गणनेत २,९०५ मतदार होते. मतं पडली ६ हजारांवर. मिसुरीतून हत्यारबंद टोळ्या सीमा ओलांडून आल्या, मतं टाकून परत गेल्या. निवडून आलेल्या सभेनं गुलामगिरीविरुद्ध बोलणंही गुन्हा ठरवणारे कायदे केले. विरोधकांनी टोपेका इथं आपलं वेगळं सरकार मांडलं. एकाच प्रदेशात दोन विधिमंडळं, दोघांकडे बंदुका. २१ मे १८५६ ला लॉरेन्स गाव लुटलं गेलं. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये, सिनेटच्या सभागृहात, दक्षिण कॅरोलिनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स यानं मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर यांना काठी मोडेपर्यंत मारलं. सम्नर जवळपास तीन वर्षं सभागृहात नीट परतू शकले नाहीत. ब्रूक्सला दक्षिणेतून नव्या काठ्या भेट आल्या. त्याच आठवड्यात जॉन ब्राउन आणि त्याच्या मुलांनी पोटावाटोमी खाडीकाठी पाच जणांना घराबाहेर ओढून कापून काढलं. ब्राउनच्या त्या कृत्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्याला ‘सुरुवात करणारा’ म्हणणंही खोटं आहे. मतपेटी आणि सभागृह दोन्ही ठिकाणी हात आधीच उचलला गेला होता.

उरलं न्यायालय. मिसुरीचा ड्रेड स्कॉट मालकासोबत इलिनॉय आणि विस्कॉन्सिन या मुक्त भागांत राहिला होता, म्हणून १८४६ पासून तो आपल्या स्वातंत्र्यासाठी दावा लढत होता. ४ मार्च १८५७ ला शपथ घेताना अध्यक्ष ब्युकॅनन म्हणाले की प्रदेशांतल्या, म्हणजे अजून राज्य न झालेल्या मुलखांतल्या, गुलामगिरीचा प्रश्न न्यायालय लवकरच कायमचा सोडवील आणि तो निर्णय आपण आनंदानं मानू. न्यायमूर्तींशी त्यांचा आधीच पत्रव्यवहार झाला होता, निकाल कुठं झुकणार हे त्यांना ठाऊक होतं. दोन दिवसांनी सरन्यायाधीश टॉनी यांनी निकाल वाचला. काळ्या माणसाला गोऱ्यानं मान्य करावा असा कोणताही हक्क नाही, अशीच घटना करणाऱ्यांची समजूत होती. तो नागरिक होऊ शकत नाही. आणि प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालायचा अधिकार काँग्रेसला नाही. सात विरुद्ध दोन. टॉनींना वाटलं, भिजत पडलेलं घोंगडं आपण एकदाचं वाळत घातलं. प्रत्यक्षात झालं असं की उत्तरेत वेगानं वाढणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच, म्हणजे गुलामगिरीचा विस्तार रोखणं, घटनाबाह्य ठरला. लाखो मतदारांना सांगितलं गेलं की तुम्ही निवडून आलात तरी तुम्हाला हवं ते करता येणार नाही.

फेब्रुवारी १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमधल्या भाषणात लिंकननं विचारलं, दक्षिणेचं समाधान होण्यासाठी आपण नेमकं करायचं तरी काय? आणि स्वतःच उत्तर दिलं : गुलामगिरीला चूक म्हणणं थांबवायचं, आणि त्यांच्यासोबत तिला बरोबर म्हणायचं. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या घटनादुरुस्तीनं कोणी परत का आलं नाही, याचं उत्तर मला इथं दिसतं. गुलाम ठेवायची मुभा कोणी काढून घेत नव्हतं. लिंकनला एकूण मतांपैकी सुमारे ४० टक्के मतं पडली होती, दक्षिणेतल्या दहा राज्यांत तर त्याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. तरी तो जिंकला, म्हणजे दक्षिणेच्या संमतीवाचून देश चालू शकतो हे सिद्ध झालं. आता दक्षिणेतले पोस्टमास्तरही रिपब्लिकन नेमणार, थैल्या उघडणार, आणि गुलाम नसलेले गरीब गोरे ती पत्रकं वाचणार. मळेवाल्यांची धास्ती ही होती.

‘राज्यांच्या हक्कांसाठी’ ते बाहेर पडले, हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो, आपल्याकडेही. दक्षिण कॅरोलिनानं डिसेंबर १८६० मध्ये आपली कारणं छापली आहेत. त्यात तक्रार आहे ती उत्तरेतली राज्यं आपापले कायदे करून फरारी गुलाम परत देत नाहीत याची. म्हणजे तक्रार राज्यांनी आपले हक्क वापरल्याची! मिसिसिपीनं तर पहिल्याच परिच्छेदांत, आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असं लिहून टाकलं. फुटलेल्या राज्यांच्या नव्या महासंघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सव्हाना शहरात म्हणाला की या सरकारची कोनशिलाच काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या सत्यावर उभी आहे. एवढं स्वच्छ बोलणाऱ्यांच्या तोंडी दीडशे वर्षांनी दुसरी कारणं घालण्याचा आटापिटा मला कळत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तडजोडींनी उत्तरेला वेळ मिळवून दिला. १८२० मध्ये किंवा १८५० मध्ये दक्षिण फुटली असती तर बहुधा निभावून गेली असती. मधल्या काळात उत्तरेची लोकसंख्या, रेल्वे आणि कारखाने इतके वाढले की १८६५ चा विजय शक्य झाला. हिशेब म्हणून हे बरोबर असेल. पण हा हिशेब क्लेनं केला नव्हता, आणि त्याची किंमतही त्यानं भरली नाही. १८२० मध्ये १५ लाख माणसं गुलाम होती, १८६० पर्यंत त्यांची अडीचपट झाली. त्यांच्यातली लाखो माणसं व्हर्जिनिया, मेरीलँडमधून खाली कापसाच्या मुलखात विकली गेली. ज्याला आपण शांततेची चाळीस वर्षं म्हणतो, ती त्यांच्या घरात कधी आलीच नाही. ‘मग ब्रिटनसारखं पैसे देऊन का नाही सोडवलं?’ हाही प्रश्न येतो. ब्रिटननं १८३३ च्या कायद्यानं मालकांना २ कोटी पौंड दिले खरे, पण त्या मालकांचे मळे दूर वेस्ट इंडिजसारख्या वसाहतींत होते. अमेरिकेतले मालक सिनेटमध्ये, न्यायासनावर, कितीदा तरी अध्यक्षपदावर बसले होते. लिंकननं युद्ध सुरू झाल्यावर डेलावेअरपुढे हा प्रस्ताव ठेवून पाहिला. तिथं सगळे मिळून १,८०० हून कमी गुलाम होते. डेलावेअरनंही नकार दिला.

दक्षिणेचा आणखी एक भरवसा होता : कापूस राजा आहे, त्याच्याशिवाय ब्रिटन जगू शकत नाही, तो आपल्या मदतीला येईलच. या राजाला उतरवण्यात थोडा हात आपल्याकडच्या काळ्या मातीचाही आहे. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांच्या केलेल्या नाकेबंदीमुळे अमेरिकेचा कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी नाकं मुरडत का होईना मुंबईहून जाणारा ‘सुरती’ कापूस घेतला. खानदेश, वऱ्हाडातल्या मालाला न भूतो असा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला, व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या भोवती शेअरचा सट्टा फोफावला. १८६५ मध्ये दक्षिणेनं शस्त्रं ठेवली आणि मुंबईचा बाजार कोसळला. तिकडे सहा लाखांहून जास्त माणसं मेली होती, इकडे त्या भावात उभी राहिलेली दौलत पाहतापाहता गेली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि निःस्वार्थ त्यागाबद्दल. पुण्यात बसून त्यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक त्या युद्धात लढले होते, गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली होती, १८७० मध्ये मिसिसिपीमधून हायरम रेव्हल्स हे पहिले काळे सिनेटर म्हणून बसले होते. फुल्यांना ज्यांच्याकडून आशा होती त्या देशानं चारच वर्षांत पुन्हा जुनी वाट धरली. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल अडकला, दोन पक्षांच्या पुढाऱ्यांमध्ये बोलणी झाली, रिपब्लिकन उमेदवार हेज अध्यक्ष झाले, आणि १८७७ मध्ये दक्षिण कॅरोलिना व लुइझियानातल्या सरकारांना आधार देणारं सैन्य बराकीत परतलं. देशात सलोखा झाला म्हणून वर्तमानपत्रांनी समाधान व्यक्त केलं. दक्षिणेतल्या काळ्या मतदारांची नावं पुढच्या पंचवीसएक वर्षांत कर, अक्षरपरीक्षा आणि दहशत यांनी यादीतून उडवली गेली, आणि ती परत यायला १९६५ चा मतदान हक्क कायदा लागला.